सावलीतलं शेवाळ

ओहोटीला म्वानाकोम्बो समुद्रातल्या शेवाळशेतीच्या दोऱ्या साफ करत होती. एकाच दोरीवर पुन्हा तांबडं, पिसासारखं तण उगवलं होतं.

"आत्या, हे कसलं गं? परवाच तर उपटलं होतं मेलं!"

झैनाबूआत्यानं ते ओंजळीतल्या पाण्यात सोडलं. पिसारा उलगडला. "अगं, हे कपारीतलं. उन्हात पांढरं पडून मरतं. सावलीशिवाय जगत नाही."

चहूकडे उघडा समुद्र होता, डोक्यावर रणरणतं ऊन.

"मग इथे सावली कुणाची?"

आत्यानं ओंजळ झटकली. "दोरी सोड नि चल."

"एवढी गाठ मारते," म्हणत म्वानाकोम्बो वाकली. तिथलं पाणी गार होतं. तिची सावली तिच्या पायाशी होती. दोरीवर दुसरीच एक वाकत होती.

म्वानाकोम्बो चटकन ताठ झाली. ती सावली वाकतच राहिली.