दर्भाचा कावळा

बद्रीनाथच्या पिंडाला कावळा शिवेना.

वाळूत भाताचा पिंड ठेवून तास उलटला. नदी कोरडी ठाक, म्हणून विधीपुरतं पाणीही बैलगाडीवरच्या पिपातून आणलेलं. त्या दुष्काळात कावळे पोरांच्या हातची भाकर पळवत होते. इथं सोसायटीच्या गोदामातला पांढरा तांदूळ शिजवून समोर मांडला, तर मेले बाभळीवर मान फिरवून बसलेले.

पाकिस्तानच्या लढाईत बद्रीनाथ पडला. अग्नी तिकडंच दिला. तारेमागून एक पेटी आली, त्यात गणवेश. आईनं, सरूबाईनं, त्याची आधी घरी आलेली पत्रंही त्यातच जपून ठेवली. सगळी पत्रं सोबत्यांच्या हातची, खाली नुसतं बद्रीनाथचं नाव. घरातला अधू पायाचा मुलगा ती सरूबाईला वाचून दाखवायचा.

बद्रीनाथच्या नावानं गावाला विहीर मंजूर झाली होती. म्हणून दहाव्याला जीपमधून तहसीलदार आले होते. सोसायटीचे चेअरमन आबासाहेब त्यांच्या शेजारी उभे. भरतीच्या वेळी धावपळ त्यांचीच. घरात सातवीचा दाखला एकच होता, त्यावर पोरगा फौजेत चिकटला.

"याची पत्नी?" तहसीलदारांनी विचारलं.

आबासाहेबांनी अंजनाकडं बोट केलं. रेशनकार्डावर तसंच होतं. मोकळं कपाळ पदराखाली लपवून ती बसली होती. बांगड्या फुटताना मनगट कापलं होतं, त्यावर चिंधी. गावकरी आपापल्या पायांकडं बघत उभे राहिले.

"बद्रीनाथ, तुज्या मायला आमी सांभाळू," चुलता धुळाजी हात जोडून म्हणाला.

कावळे हलले नाहीत.

"बद्रीनाथ, अंजनाला उघडी पाडणार न्हाई, बाबा."

एक कावळा उतरला. पिंडाभोवती फिरला, चोच न लावताच उडाला.

सरूबाईचा जीव तुटत होता. लेकरू अधांतरी लटकलं होतं, आणि कावळा कशापायी अडला ते तिला पक्कं ठाऊक होतं. ती उठली तसे आबासाहेब खाकरले.

"बोलू द्या आईला," तहसीलदार म्हणाले.

"ये रं माज्या राजा," सरूबाई म्हणाली. "मायवर रागावू नको. ये, लेका." पुढं तिचे ओठ नुसतेच हलले.

"बिचारीला नावसुद्धा घेववत नाही," तहसीलदारांनी रुमाल काढला.

उन्हं चढली. साहेबांना उशीर होत होता. आबासाहेबांनी खूण केली. जोशीबुवांनी दर्भाचा कावळा वळला, पिंडाला टेकवला आणि मोकळे झाले. पिंड वाळूत पुरला, वाहायला पाणी कुठलं?

जीप गेली. माणसं पांगली. अंजना बायकांमागं खाली मान घालून निघाली.

सरूबाई वाळूतच होती. जीपची धूळ बसेपर्यंत तिनं वाट पाहिली, मग बाभळीकडं तोंड करून सारा जीव एकवटून ओरडली, "त्रिंबका! ये रं बाबा, आता कुणी न्हाई!"

बाभळीवर एकही कावळा उरला नव्हता.

अधू पायाचा मुलगा तिला उठवायला वाकला. "चल, माय."

"चलते, बद्री," ती म्हणाली. "पर तुजी अंजना आता तुज्या डोळ्यांम्होरं जलमभर अशीच ऱ्हाईल रं, बिनकुंकवाची."