राखीव माथा

साहेब, हे पाप तुमचं आहे. हात माझे लागले, ते मी नाकारत नाही.

आमच्या सेंट हेलेना बेटाच्या माथ्यावर, कुजक्या ओंडक्यांच्या बुरशीवर एक चिलट जगतं. जगात दुसरीकडे कुठेच नाही. तुम्ही म्हणालात, "नर दाखवा. त्याच्या शेपटाचा चिमटा वेगळा निघाला, तरच नवी प्रजाती मानू आणि माथ्यावरून जाणारा नियोजित रस्ता थांबवू."

धुक्यात तिळाएवढं चिलट पकडणार कसं? म्हणून मी आणि व्हिल्मामावशीनं ओंडके उचलून माझ्या शेडमध्ये जाळीखाली ठेवले, आतून चिलटं बाहेर यावीत म्हणून.

"एक तरी राहू दे रे," मावशी म्हणाली. "माथा बोडका केलास."

"नर नेमका त्यातच असला तर?" म्हणत मी तोही उचलला.

नर निघाला. चिमटा वेगळा निघाला. तुम्ही रस्ता रद्द करून माथ्याला कुंपण घातलंत. मावशीनं त्या दिवशी गल्लीभर माशाच्या वड्या वाटल्या.

काल मी आणि मावशी ओंडके परत माथ्यावर ठेवायला गेलो, तर फाटकावरच्या पहारेकरी क्लिफर्डनं अडवलं.

"राखीव आहे, मावशी. बाहेरचं लाकूड, बाहेरचे किडे आत न्यायचे नाहीत."

"मेल्या, हे बाहेरचे?"

"माझ्यावर का चिडतेस? वरचा हुकूम आहे."

शेडमध्ये लाकूड वाळत चाललंय. रोज सकाळी जाळीच्या तळाशी मेलेली चिलटं झाडतो.



साहेब, तुम्ही राखलेल्या त्या माथ्यावर आता कोण राहतं, तेवढं सांगा.