सहावा भाग कोणी करावा

दहाव्याला कयाधूच्या काठी तास उलटला, तरी आण्णांच्या पिंडाला कावळा शिवेना. भावाने शेत सांभाळायचं वचन दिलं, मी आईला. शेवटी आण्णांचे मित्र विश्वंभरकाका पुढे आले. अंतराळाच्या एका सिनेमाचा सहावा भाग कोणी करावा, यावरून आण्णा आणि ते चार वर्षं भांडत होते. घरातले आम्ही सगळे विटलो होतो.

काकांनी आण्णांच्या पिंडापुढे हात जोडले. "बराबर हाय तुझं, राधाकिसन. जुनाच दिग्दर्शक पाहिजे."

कावळा हलला नाही.

"खोटं काय बोलता, काका?" मी वैतागले. "रोजच्यासारखं भांडा."

"मंग ऐक! त्या म्हाताऱ्याच्या हाती यान दिलं, तर बैलगाडीवानी चालंल. त्यापेक्षा नवं पोरगं..."

कावळा पिंडावर झेपावला.

आण्णांनी काकांचं वाक्य कधीच पुरं होऊ दिलं नव्हतं.