मखमली पडद्यांची गाडी

बाजीरावांनी मागच्या सीटवरून हात फिरवला आणि शिवरामला विचारलं, "आंधळ्या माणसाच्या बोटांना हे खरं वाटेल ना?"

"डोळसालाबी वाटेल, साहेब. चेसिस तर खरीच हाय."

शिवराम नवी मुंबईत पावणे गावच्या एमआयडीसीत ट्रकच्या बॉड्या बांधायचा. ही विलायती गाडी त्याच्या शेडमध्ये आली, ती मासळीचा बर्फ वाहून वाहून गंजलेली. गाडी नवी होती त्या काळी बडी कंपनी नुसती चेसिस आणि इंजिन विकायची. वरची बॉडी ज्याने त्याने आपल्या हौसेने बांधून घ्यायची. त्यामुळे माणसाने अंगरखे बदलावेत तशा या विलायती बाईने बॉड्या बदलल्या होत्या. पहिली बाजीरावांच्या जहागीरदार घराण्याची. सागवानी सांगाडा, खिडक्यांना मखमली पडदे. तीच शिवरामने एका जुनाट फोटोवरून पुन्हा उभी केली होती. ट्रकवाले दारात उभे राहून शिव्या घालत होते, तरी हे काम त्याने सोडलं नव्हतं.

बाजीरावांची हकिगतच त्याच्या जिवाला लागली होती. तरुणपणी ते आईशी भांडून आफ्रिकेला गेले. परतले तोवर जहागीर बुडालेली, आई येसूबाई आंधळी. तेव्हापासून वाशीला सिडकोच्या खोलीत ते तिला घास भरवत, तिची लुगडी स्वतः धूत. आता तिने अंथरूण धरलं होतं. तापात एकच घोकायची, 'गाडी, माझी गाडी.' डॉक्टरांनी हात टेकले होते. मरण्याआधी एकदा तिला त्या गाडीत बसवायचं, एवढंच बाजीरावांच्या मनात उरलं होतं. फसवणूक कळली तर त्याच धक्क्याने जाईल, ही धास्तीही होतीच.

दुपारी त्यांनी तिला उचलूनच शेडमध्ये आणलं. अंगात नुसती हाडं. सीटवर टेकल्यावर तिची बोटं पडद्यांवरून, दाराच्या मुठीवरून सावकाश फिरली.

"तीच ना, आईसाहेब?" बाजीरावांनी विचारलं.

"तीच रे, बाळा."

बाजीराव डोळे पुसत इंजिनाला हँडल मारायला पुढे गेले. म्हातारीने चाचपत शिवरामचं मनगट धरलं.

"छान बांधलीस. पण ती बॉडी मी माझ्या हातांनी जाळली होती."

शिवराम तिच्याकडे वाकला. साहेबांना एवढं कळू देऊ नका, त्यांनी तुमच्यापायी लई जीव आटवलाय, असं तो कसंबसं पुटपुटला.

"त्याला कशाला सांगू? पोटच्यानेही इतकं केलं नसतं. हा कोण, कुठला, मी कधी विचारलं नाही." तिने मनगट सोडलं. "माझा बाजी याच गाडीत विष पिऊन गेला. आफ्रिकेला गेला, ही आवई मीच उठवली होती."