शिंग वाजेपर्यंत

हिरव्या काडतुसांची पेटी. खिशात दडवलेलं कानाचं यंत्र. झाडीतून जवळ येणारी काठ्यांची ठकठक.

काठ्या आपटत पक्षी उठवणारे हाकारे झाडीच्या कडेला आले की रखवालदार शिंग वाजवतो. त्यानंतर समोर बंदूक रोखायची नाही. हाकाऱ्यांत विनिफ्रेडचा नवरा होता. यंत्र खिशातच ठेवून बंदूक धरलेल्या सासऱ्यांच्या मागे ती उभी होती.

"बाबा, शिंग वाजलं का?"

"वाजलं असतं तर ऐकलं असतं. गप्प राहा, सूनबाई, पक्षी बिथरतील."

फेझंट पक्षी अगदी खालून उडाला. सासऱ्यांची नळी झुडपाकडे वळली. तिने ती वर ढकलली. बार आभाळात गेला.

"बाबा, मी आहे!" झुडपातून नवरा किंचाळला.

"यंत्र घाला म्हणत होते ना!" ती सगळ्यांदेखत ओरडली.

सासऱ्यांनी बंदूक तिच्या हाती दिली. पुन्हा कधी धरली नाही.

शिंग त्याआधीच रखवालदाराच्या हातून ओढ्यात पडलं होतं. ते वाजलंच नव्हतं.