आलं का वं?

दुकानातला अँटेना विकत घेणं हा मनोहररावांना स्वतःच्या बी.एस्सी.चा अपमान वाटे. म्हणून त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्या बांबूला बांधून घरीच अँटेना केला आणि रविवारी संध्याकाळी, सिनेमाच्या वेळेला, नंदनवन कॉलनीतल्या आपल्या गच्चीवर तो फिरवायला घेतला.

"आलं का वं?" ते वरून ओरडत.

"नाही आलं जी!" गोपिकाबाई टीव्हीसमोरून ओरडत.

अर्ध्या तासानं मनोहरराव पाणी प्यायला खाली आले. पेला तोंडाला लावतात तोच गच्चीवरून त्यांच्याच आवाजात प्रश्न आला, "आलं का वं?"

पडद्यावरच्या मुंग्या गेल्या. नंदनवनात कुणाच्याही टीव्हीवर दिसलं नसेल इतकं लख्ख चित्र आलं.

"हो नोको म्हणू," मनोहरराव कुजबुजले. "तू हो म्हटलं, की मी खाली येत असतो."

गोपिकाबाईंनी पदर खोचला. "नाही आलं! फिरव गा अजून!"

वर बांबू करकरला नाही. आवाज तेवढा जिन्याच्या तोंडाशी आला. "काहून खोटं बोलतं वं? मले तर इथून दिसून राहिलं."

गोपिकाबाईंनी जिन्याच्या दाराला कडी घातली, त्याला पाठ लावली आणि ओरडल्या, "मंग तिथूनच पाह्य!"