नवा शेवट

"श्वास घ्या बघू."

श्रेयसनं घेतला. ब्राह्मीनं नवऱ्याच्या गळ्यातल्या फासात दोन बोटं घालून पाहिली. दोर नवा होता, खरखरीत. सदऱ्याच्या आत त्याच्या काखेखालून जाड पट्टा आवळला होता आणि पट्ट्याची लोखंडी कडी पाठीवर बाहेर काढली होती. वरून सोडलेल्या तारेचा हूक त्या कडीत अडकवला, की सगळा भार पट्ट्यावर. फास नुसता दिसायला.

"हूक कोण लावणार?"

"वीरधवल. पडदा उघडायच्या आधी."

वीरधवल शेजारचाच. लष्कर भरतीसाठी रोज पहाटे पळायला जायचा. गणपतीच्या देखाव्यात तो जवान झाला होता आणि श्रेयस अतिरेकी. दुसरं कुणी तयारच होईना. बियाण्याच्या दुकानात उंदराचा सापळासुद्धा लावू न देणारा माणूस, चिकटवलेल्या दाढीतून तिच्याकडं बघून हसत होता.

"लालासाहेब भावजी," ती मंडळाच्या अध्यक्षांना म्हणाली, "देखाव्याचा आधीचा कोर्टातला शेवट काय वाईट होता?"

"आवं वैनी, पब्लिक उठून गेलं की! अतिरेक्याला कोर्टात हुबा केला तर म्हणाले, आता ह्याला पंधरा वर्सं फुकाट जेवाण घाला. मग गोळी घातली. तर म्हणाले, लगीच मेला, काय मज्जा न्हाई." त्यांनी घाम पुसला. "सरकार करंना, मंडळानं तरी करून दावावं."

"पण सरकारनं असं चौकात..."

"आवं, बाहिर बगा जरा. विटा-आटपाडीकडनं जीपा भरून माणसं आल्यात. त्यांना जाऊन सांगता काय?"

तिनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. सगळा चौक भरला होता. पुढच्या सतरंजीवर ओळखीच्या बायका, मागं माणसं, त्यामागं गाड्यांवर उभी राहिलेली पोरं. पंधरा दिवसांपूर्वी टीव्हीवर अतिरेकी हल्ल्यातलं ते रक्त बघून ती स्वतः दोन रात्री झोपली नव्हती. करणाऱ्यांना सोडू नये असं तिलाही वाटत होतं. पण चौकातला तो आवाज ऐकून तिनं कडेवरच्या लेकीला, सृष्टीला, जास्तच घट्ट धरलं.

"उघडा! उघडा! उघडा!"

एक खुर्ची मोडल्याचा आवाज आला.

"उघड रं पडदा," लालासाहेब ओरडले, "न्हाईतर मांडव ऱ्हात न्हाई आपला!"

ब्राह्मी सृष्टीला घेऊन स्टेजच्या कडेला येऊन उभी राहिली. पडदा सरकला. मोबाईलमध्ये बघून टोपी नीट करणारा वीरधवल धावत जाऊन आपल्या जागी ताठ उभा राहिला. लाल दिवा पेटला. स्टुलावर श्रेयस, हात मागं बांधलेले. टाळ्या, शिट्ट्या.

त्याच्या पाठीमागं हूक मोकळाच हलत होता.

समोरून तो कुणालाच दिसत नव्हता. कडेनं दिसत होता, आणि कडेला ती एकटीच होती.

"वीरधवल! हूक!"

स्पीकरमधून भरदार आवाज सुरू झाला होता. "आता सरकार गप्प बसणार नाही!" त्यात तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. श्रेयसला पाठीवर तारेची ओढ जाणवली नसावी. त्यानं मान वळवायचा प्रयत्न केला, मग वीरधवलकडं बघून काहीतरी पुटपुटला.

"घाबारला बग, घाबारला!" कुणीतरी ओरडलं.

"काय ॲक्टिंग करतोय गड्या!"

वीरधवलही खूश झालेला दिसला. त्यानं बंदूक छातीशी धरली, पाय स्टुलाला लावला आणि लोकांकडं पाहिलं. "लटकवा!" लोकांनी सांगितलं. त्यानं कानाला हात लावून पुन्हा विचारलं. "लटकवा!" पुन्हा, अजून मोठ्यानं.

ब्राह्मीनं सृष्टीला खाली सतरंजीवर बसलेल्या आक्काताईंच्या मांडीवर जवळजवळ टाकलंच.

"आगं, कुटं चाललीस?"

लाकडी फळीची कड नडगीला लागली. साडी कुठंतरी फाटली. ती पोचली आणि स्टूल उडालं. तिनं त्याचे दोन्ही पाय छातीशी कवटाळले आणि खांदा गुडघ्यांखाली घालून वर रेटलं. एवढा जड माणूस तिनं कधी उचलला नव्हता. वर त्याला खोकल्याची ढास लागली. खोकतोय म्हणजे श्वास आहे. ती तशीच उभी राहिली.



"ही कोण रं आता?"

"त्याची बायकू आसंल. अतिरेक्याची!"

"नवीन सीन टाकलाय वाटतं!"

"वीरधवल, हूक लाव!" ती ओरडली, पण तोंड त्याच्या पायजम्यात दाबलेलं होतं आणि स्पीकरवर आता ढोल वाजायला लागले होते. वीरधवल गोंधळून कधी तिच्याकडं, कधी लोकांकडं बघत होता. बंदूक अजून छातीशीच होती.

"मग बगतोस काय? तिलाबी लटकव!"

हा आवाज तिनं ओळखला. रोज सकाळी दारात दूध घालणारे तानाजीमामा. हसत हसतच म्हणाले ते. बाकीचेही हसले. मग कुणीतरी टाळीचा ठेका धरला आणि सगळ्या चौकानं तो उचलला.

"तिलाबी! तिलाबी! तिलाबी!"

हात वर करून थांबा म्हणावं, तर तिचे हात मोकळे नव्हते.